चटईमागच्या खुणा

"वाकून बस, तेबोरा."

दिवसातून किती वेळा आपण हे म्हणतो, याचं माकुरीताला भान उरलं नव्हतं. शिवणयंत्राचं चाक फिरवताना, मासे साफ करताना, रविवारी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना ओठांच्या कोपऱ्यातून, तिचं हे एकच पालुपद चालू असे. तेबोरा पडली ऐकणारी पोर. लगेच खांदे पुढे, छाती आत, हनुवटी खाली. आठ वर्षं पाच महिन्यांची मुलगी ती, पण तिसरीच्या वर्गात सगळ्या पोरींपेक्षा डोकंभर उंच. आणि नुसती उंच असती तर माकुरीतानं रोज देवाचे आभार मानले असते.

लपवायचं म्हटलं तरी लपवणार कुठे? घर म्हणजे चार खांब, वर केवड्याच्या पानांचं छप्पर आणि मधे मांडीइतक्या उंचीवर फळ्यांचा माचा. भिंत नावाची गोष्ट नाही. वारा खेळता राहावा म्हणून घरं अशी बांधायची, हे ठीक. पण वाऱ्याबरोबर शेजाऱ्यांचे डोळेही आरपार खेळतात, त्याचं काय? एका अंगाला बेटांच्या कड्यानं अडवलेला आतला समुद्र, दुसऱ्या अंगाला बाहेरचा, मधे एकच रस्ता आणि त्या रस्त्यावरून जाणारी प्रत्येक बस माणसांनी भरलेली. ज्या गावात कुणाच्या चुलीवर आज काय शिजतंय हे बसमधून कळतं, तिथे वाढत्या अंगाची मुलगी काय लपून राहणार.

तरी माकुरीतानं वर्षभर ते करून पाहिलं. ती शिवणारी बाई. गावातल्या निम्म्या बायकांच्या अंगावरचे चुण्यांचे सैल झगे तिच्या हातचे. तेबोराला तिनं असे झगे शिवले की त्यात दोन तेबोरा मावाव्यात. मुलीला पुढे दुमडून बसायची सवय लावली. आणि उजवीकडच्या पुढच्या खांबावर एक चटई टांगून ठेवली.

त्या खांबावर इओआनेच्या खुणा होत्या. तेबोरा उभी राहायला लागली तेव्हापासून तो तिला खांबाला पाठ लावून उभी करायचा, डोक्यावर चाकू आडवा धरायचा आणि लाकडात रेघ मारायचा. मग चाकू छपराच्या पानांत खोचायचा आणि पोरीला खांद्यावर घेऊन पाण्यात पळायचा. सव्वा वर्षापूर्वी तो टोमॅटो तोडायला क्वीन्सलँडला गेला, त्याच्या आदल्या दिवशीची रेघ शेवटची. त्यानंतर एका दुपारी माकुरीतानं सहज बोटं लावून पाहिलं तर पोरगी रेघेच्या दोन बोटं वर गेलेली.  चटई टांगली ती तेव्हापासून.

लोक तोंडं बंद ठेवणारे नव्हतेच.

"काय गं वहिनी, पोरीला खायला काय घालतेस? आमच्या डुकरालाही घालते थोडं," नणंद रेरे म्हणायची आणि स्वतःच खो खो हसायची. रेरे दोन घरं सोडून राहायची आणि दिवसातून चारदा चक्कर टाकायची.

सासू, म्हणजे काउए आजी, हसायची नाही. ती माच्याच्या कडेला बसून पानं विणत असायची आणि विणता विणता म्हणायची, "जहाजातून आलेली ती कोंबडीची तंगडी. गोठलेली. कधी मेली, कुणी मारली, देवाला ठाऊक. आम्ही मासा खाल्ला, बाबाईचे कंद खाल्ले. आमचं सगळं वेळेवर झालं."

हे ऐकलं की माकुरीता रात्रीपर्यंत मनातल्या मनात तंगड्या मोजत बसे. ती कोंबडी तर आपणही खाल्ली. मग पोरीलाच का लागली? नूडल्स? तो डब्यातला मांसाचा गोळा? की आपलंच काही वाईट रक्त?

शेवटी ती तेबोराला घेऊन दवाखान्यात गेली. आजीला सांगितलं, दात दाखवायचाय. ते अगदीच खोटं नव्हतं, तेबोराचा एक दुधाचा दात हलत होता. फिजीत शिकून आलेली तरुण डॉक्टरीण होती. तिनं तेबोराच्या डाव्या पंजाचा फोटो काढला आणि तो उजेडात धरला. बोटांची हाडं, मधे बारीक काळ्या फटी.

"वय आठ, पण हाडं अकराच्या पुढची," ती म्हणाली.

"माझं काही चुकलं का खायला घालण्यात?"

"असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पुष्कळ मुलींत कारण सापडतच नाही. शरीराचा कोंबडा पहाट व्हायच्या आधीच आरवतो, एवढंच. आत्ता ती सगळ्यांत उंच दिसते. पण या फटी लवकर बुजतील आणि वाढ थांबेल. आज तिच्या खांद्याला लागणाऱ्या मुली उद्या तिच्या पुढे जातील. आणि पाळीही लवकर येईल. कदाचित याच वर्षी."

"थांबवता येतं?"

"इंजेक्शन असतं. दर तीन महिन्यांनी. आपल्या इथे साठा नसतो, बाहेरून मागवावं लागतं. मी कागद पाठवते. थोडा धीर धरा."

माकुरीताला त्यातला एकच शब्द पुरला. थांबवता येतं. येताना बसमध्ये ती तोच चघळत होती. तेबोरा खिडकीला नाक लावून बसली होती. तिनं मागे न वळता विचारलं, "आई, इंजेक्शन दिलं की मी मोठी होणार नाही?"

"काही दिवस नाही होणार. लहानच राहशील."

"मग बरं," तेबोरा म्हणाली आणि हलता दात जिभेनं ढकलत राहिली.

कागद गेला. दर सोमवारी माकुरीता दवाखान्यात विचारून यायची आणि दर सोमवारी डॉक्टरीण मान हलवायची. असे दहा सोमवार गेले. दहाव्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, तेबोरा शाळेचा झगा हातात धरून विहिरीपाशी आली. तिच्या दुसऱ्या मुठीत तो दात होता.

"आई, बघ, पडला! आणि हे पण झालंय. दाताचं रक्त इथे कसं गं आलं?"

माकुरीतानं झगा पाहिला.  विहिरीच्या कठड्यावर टेकून तिनं आधी इकडे तिकडे पाहिलं. पोरीकडे तिनं नंतर पाहिलं, आणि ही गोष्ट पुढे तिला फार दिवस टोचत राहिली.

"कुणाला दाखवलंस?"

"कुणाला नाही."

"दाखवू नकोस. पोट दुखतंय?"

"थोडं. मी आजारी आहे का?"

"नाही गं बाळा. हे होतं. सगळ्या बायकांना होतं."

"पण मी बाई नाहीये."

"नाहीयेस," माकुरीता म्हणाली. "म्हणूनच कुणाला सांगायचं नाही."

तिनं झगा धुतला, शिवणातल्या उरल्या कपड्याच्या घड्या केल्या, पोरीला सगळं समजावलं आणि बजावलं, की चार दिवस पाण्यात जायचं नाही. काउए आजीला कळलं तर काय होणार हे तिला पुरतं ठाऊक होतं. मुलीला पहिल्यांदा रक्त दिसलं की तीन दिवस तिला घरात बसवायचं, चटया लावून. खायला सुकं खोबरं, प्यायला घोटभर पाणी. आजीनं समोर बसून तिला कामाला लावायचं. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत न्हाऊ घालून, तेल लावून, लाल नेसवून बाहेर आणायचं आणि सगळ्या गोताला जेवू घालायचं. डुक्कर कापायचं, नाच करायचा. म्हणजे गावभर ओरडून सांगायचं, की या घरात आता एक बाई आहे. मागच्याच महिन्यात दूरच्या बेटावरून आलेल्या बोटीतून उतरलेल्या एका बाप्यानं तेबोराला विचारलं होतं, कुठल्या हायस्कूलात आहेस गं? नुसतं विचारलं होतं, पण माकुरीता पोरीचा हात धरून तडक घरी आली होती. आता तर गावानंच उत्तर द्यायचं.

सगळं नीट लपवलं, एक सोडून. शाळा सुटली की इथली पोरं दप्तरं वाळूत टाकतात आणि भरतीच्या पाण्यात उड्या घेतात. सर्दी असो, ताप असो, आई काठी घेऊन उभी असो. त्या दुपारी सगळी पोरं पाण्यात, आणि तेबोरा काठावर. वाकून, गुडघे मिठीत घेऊन.

काउए आजीनं माच्यावरून ते पाहिलं. विणता विणता तिचे हात थांबले.  बुधवारी पुन्हा तेच. तेव्हा आजीनं पानांची गुंडाळी बाजूला ठेवली, उठली आणि शिवणयंत्राचं चाक हातानं धरून थांबवलं.

"कधी आलं?"

"काय?"

"माकुरीता, मी पाच पोरी वाढवल्या. पाण्यात न जाणारी पोर एकतर मेलेली असते, नाहीतर... कधी आलं?"

"काल," माकुरीता म्हणाली. मग एकदम तिचा बांध फुटला. "आई, ती आठ वर्षांची आहे हो. काल तिचा दुधाचा दात पडला. हे आजारपण आहे, डॉक्टरनं सांगितलंय, त्याला औषध आहे. तुम्ही तिला बसवा हवं तर तीन दिवस, पण जेवण नको. कुणाला सांगू नका. मी पाया पडते."

"न सांगता बसवू? चोरी केलीय का पोरीनं?"

"लोक बघतील तिच्याकडे."

"लोक आत्ता बघत नाहीत? तू वर्षभर गोणी घालून फिरवतेस तिला. लपवलेल्याकडे माणूस वाकून वाकून बघतं. सांगितलेल्या मुलीला सगळा गाव राखतो, तिच्याकडे वाकडी नजर टाकली तर म्हातारे त्याला मानेआब्यात, सगळ्या गावसभेपुढे उभा करतात. तुझ्या डॉक्टरणीच्या कागदात हे आहे का?"

 म्हातारी निव्वळ चुकीचं बोलत असती तर भांडता तरी आलं असतं.

ती फोन घेऊन दुकानामागे गेली. क्वीन्सलँडमध्ये इओआनेची जेवणाची सुट्टी चालू होती.

"तू सांग ना आईला," ती कुजबुजली.

"मी काय सांगू? माझ्या बहिणींचं तिनं केलं. तुझं तुझ्या आजीनं केलं. कुणाचं काय वाईट झालं?"

"आठ वर्षांची आहे ती, इओआने."

 पलीकडे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.

"मी निघालो तेव्हा माझ्या खांद्यावर बसून आली होती बसपर्यंत," तो म्हणाला. मग लगेच, "मी इथून कुणाकुणाशी भांडू, माकुरीता? आई म्हणते तसं कर. आणि खांबावर रेघ मारतेस ना? आलो की मला सगळ्या बघायच्यात."

"मारते," ती म्हणाली.

माहेर दूर, आबेमामा बेटावर. बोट पंधरा दिवसांनी. रस्त्यानं उजवीकडे गेलं तर विमानतळ, तिथे रस्ता संपतो. डावीकडे गेलं तर बंदर, तिथेही संपतो. पोरीला घेऊन बसमध्ये बसून टोकापर्यंत जायचं आणि त्याच बसनं परत यायचं, एवढंच पळून जाणं या बेटावर शक्य होतं. ती दुकानामागून घरी आली तेव्हा रेरे दोरीला बांधलेलं डुक्कर ओढत अंगणात शिरत होती.

"वहिनी! गं बाई, एवढी मोठी बातमी आणि मला दुकानदाराकडून कळते?"

गुरुवारी सकाळी आजीनं छपराखाली गुंडाळून ठेवलेल्या चटया उतरवल्या आणि माच्याच्या चारी बाजूंनी बांधल्या. वर्षभर माकुरीतानं ज्या भिंतींची स्वप्नं पाहिली त्या अशा उभ्या राहिल्या. आत अंधार, उकाडा, खोबऱ्याचा वास. मधे तेबोरा, समोर आजी, आणि कोपऱ्यात शिवणयंत्र, कारण तिसऱ्या दिवसासाठी लाल झगा शिवायचा होता आणि तो आईनंच शिवायचा.

"या तीन दिवसांत मुलगी जशी राहते तशी ती जन्मभर राहते," म्हणत आजीनं तेबोराच्या मांडीवर काथ्याचे धागे ठेवले आणि तळव्यानं दोरी वळायला शिकवली. "हात चालवशील तर कामसू होशील. बडबडशील तर जन्मभर तोंडाळ."

"रेरे आत्यासारखी?"

"गप्प."

"आणि झोपले तर?"

"आळशी होशील."

"आणि हसले तर?"

"तर दात काढत फिरशील जन्मभर. तेही एक कमी असलेले."

तेबोरा हसली. पडलेल्या दाताच्या फटीतून जीभ बाहेर आली. मग एकदम तिला आठवलं आणि तिनं तोंडावर हात धरला.

"खरंच असं होतं आजी?"

"ती बघ तुझी आई. हिच्या आजीनं हिला तीन दिवस शिवायला बसवलं होतं. यंत्रावर वाकलेली. उठलीय का आजवर?"

तेबोरा वळून आईकडे बघत राहिली. माकुरीताच्या मानेखाली, दोन खांद्यांच्या मधे, खरोखरच एक बाक आला होता. चौतिसाव्या वर्षी. "खरं का गं आई?"

माकुरीताच्या तोंडात दोन टाचण्या होत्या. तोंड उघडलं तर आपण किंचाळू, अशी तिला भीती होती. "आजी कशाला खोटं बोलेल?" ती टाचण्यांमधूनच म्हणाली. "ऐक तिचं."

त्यानंतर तेबोरानं प्रश्न विचारले नाहीत. गुडघे पोटाशी घेतले, डोकं गुडघ्यांत घातलं आणि कुशीतल्या कुशीत दोरी वळत बसली. शुक्रवारीही तशीच. आजीनं खोबऱ्याचा तुकडा दिला तर हात तेवढा बाहेर यायचा. निजतानाही ती तशीच मुटकुळं करून निजली. आजीला फार कौतुक. "अशी गुणाची पोर मी बसवली नाही आजवर. तुझी रेरे तर चटई फाडून बाहेर बघत होती." माकुरीतालाही काही वावगं दिसलं नाही. दिसणार कसं? वर्षभर तिनंच पोरीला असं बसवलं होतं. वाकलेली तेबोरा म्हणजेच तिला नीट बसलेली तेबोरा वाटत असे.

शुक्रवारी दुपारी डॉक्टरणीचा फोन आला. इंजेक्शनाला मंजुरी मिळाली होती, यायला सहा आठवडे लागतील. "पण पाळी येऊन गेली म्हणता, तर उंचीला किती उपयोग होईल ते मी आत्ता सांगू शकत नाही. बघू." माकुरीतानं फोन ठेवला आणि लाल कापड पुन्हा सुईखाली सरकवलं. बाहेर रेरे कुणाला तरी ओरडून सांगत होती, की नीरफणस इथे, मासे तिथे, आणि नाचणाऱ्या पोरी अजून का आल्या नाहीत.

शनिवारी उन्हं कलायला लागली तेव्हा अंगण माणसांनी भरलं. चटयांच्या फटींतून पायच पाय दिसत होते. आजीनं नारळाचं तेल ओंजळीत घेतलं, फुलांचा मुकुट शेजारी ठेवला.

"ऊठ बाळ. संपलं."

तेबोरा उठली नाही.

"ऊठ गं. सूर्य मावळायच्या आत बाहेर यायला हवं."

"मावळला की उठते," गुडघ्यांतून आवाज आला.

आजीनं तिच्या काखेत हात घालून उचललं. तेबोरा उचलली गेली, पण उलगडली नाही. तशीच गोळा होऊन आजीच्या हाताला लोंबकळली. पाय आखडले होते. आजीनं पाठीवर हात ठेवून सरळ करायला पाहिलं तर पोर कळवळली.

"हिची पाठ!" म्हातारीचा आवाज फाटला. "माकुरीता, इकडे ये! अशी कशी बसली ही? अशीच राहील ना ती! जन्मभर अशीच राहील!"

माकुरीता धावली, गुडघ्यांवर बसली. "तेबोरा. कुठे दुखतं? सरळ हो बरं."

"नाही."

"सरळ हो, बाळा."

"अजून थोडाच वेळ राहिलाय," तेबोरा घाईनं, रडवेल्या सुरात म्हणाली. "मी तीन दिवस बसलेय गं. झोपेत पण सुटू दिलं नाही. मी लहान बसले ना, की लहानच राहीन. मग इंजेक्शन नाही आलं तरी चालेल. तू रडू नकोस."

 काउए आजी मागे सरकली. तिच्या ओंजळीतलं तेल फळ्यांवर सांडलं. आयुष्यभर पोरींना सांगितलेली गोष्ट एका पोरीनं इतक्या मनावर घेतलेली तिनं कधी पाहिली नसावी.

"सूर्य बुडाला नाही अजून," आजी पुटपुटली. माकुरीताकडे तिनं असं पाहिलं की जणू सासू ती नव्हतीच. "आहे अजून वेळ. तू सांग तिला. ती तुझंच ऐकते."

ते खरं होतं. तेच तर सगळ्यात वाईट होतं.

"तेबोरा," माकुरीता म्हणाली, "पाठ सरळ कर."

तेबोरानं मान वर करून आईकडे पाहिलं, आई चुकून भलतंच बोलली असावी अशा नजरेनं. "मग सगळ्यांना दिसेल."

हे वाक्य माकुरीताचं होतं. शब्द न् शब्द तिचा.

"दिसू दे," ती म्हणाली. "मी चुकीचं शिकवलं तुला. माझं चुकलं. ताठ हो."

तिनं पोरीचे पाय मांडीवर घेतले, पोटऱ्या चोळल्या, एकेक गुडघा हळूहळू उलगडला. आजीनं पाठीला तेल लावलं. दोघी बायका त्या लहान अंगावर राबत होत्या आणि बाहेर रेरे विचारत होती, की आत काय लग्न लावताय का. तेबोरा उभी राहिली, डगमगली. माकुरीतानं तिला धरून दोन पावलं चालवलं ते उजवीकडच्या पुढच्या खांबापर्यंत. तिथली चटई तिनं ओढून काढली. बाहेरचा उजेड आणि बाहेरचं अंगण एकदम आत आलं. वीस-पंचवीस डोकी इकडे वळली.

"खांबाला टेक. टाचा लाव. डोकं वर."

"बाबांची रेघ?"

"हो."

माकुरीतानं छपराच्या पानांत हात घातला. इओआनेचा चाकू तिथेच होता, थोडा गंजलेला. तिनं तो तेबोराच्या डोक्यावर आडवा धरला आणि लाकडात रेघ मारली. रेघ जरा वाकडी आली. तेबोरा बाजूला होऊन वळली आणि बोटं लावून मोजू लागली. जुन्या रेघेपासून नव्या रेघेपर्यंत. पाच.

"आई, ही शेवटची का?"

अंगणात कुणीतरी लाकडी पेटीच्या ढोलावर थाप मारून बघितली आणि थांबलं.

"मला माहीत नाही," माकुरीता म्हणाली. "पुढच्या महिन्यात पुन्हा बघू."

आजीनं लाल झगा घातला, फुलं डोक्यावर ठेवली. सूर्य पाण्याच्या वर हातभर राहिला होता. तेबोरा माच्याच्या कडेवरून खाली उतरली. तिला ताठ चालायची सवय राहिली नव्हती. चार पावलं टाकून ती थांबायची आणि खांदे मागे घ्यायची. माणसं बघत होती. बाया होत्या, म्हातारे होते, तरणे बाप्येही होते. माकुरीता पोरीच्या मागे एक पाऊल ठेवून चालत होती, आणि तिचा हात सवयीनं पुढे जाऊन तेबोराच्या दोन खांद्यांच्या मधे टेकला. खाली दाबायला.

तिनं तो काढून घेतला आणि पाठीमागे धरून ठेवला.